ओव्हाळांची खूण

रविराज प्रोजेक्टर घेऊन आला, तेव्हा बुद्धरत्न ओव्हाळांनी सगळ्यात आधी खोक्याची चिकटपट्टी पाहिली. ती एकदा काढून पुन्हा लावलेली होती.

"नवाकोरा हाय, रत्ना," रविराज म्हणाला. "तुमच्या वाचनालयाला भेट. आपल्याकडनं."

"कशाबद्दल?"

"घ्या! दोस्ताला भेट द्यायला कारण लागतं व्हय?"

कासारवाडीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर वाचनालय होतं. महिन्यातल्या दोन रविवारी सकाळी दहा वाजता ओव्हाळ तिथे जुने पिक्चर दाखवायचे. पंचवीसेक माणसं यायची. बहुतेक कंपन्यांतून निवृत्त झालेली, त्यांच्या बायका, एखाद-दुसरी नात. पिक्चर इंग्रजी असला की ओव्हाळ मधेमधे थांबवून गोष्ट मराठीत सांगायचे. जुना प्रोजेक्टर दिवाळीपासून बिघडला होता, सगळ्या नट्यांचे चेहरे पिवळे पाडत होता, हे खरं. पण ते रविराजला कुणी सांगितलं? दोघांची शेवटची गाठ पडून अकरा वर्षं झाली होती.

संशय हा ओव्हाळांचा मूळ स्वभाव की कामाने लावलेली सवय, हे त्यांच्या बायकोला, कस्तुराबाईंनाही, इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं. ओव्हाळांचे वडील कोंडीराम करमाळ्याकडून पिंपरीला आले आणि फाउंड्रीत भट्टीवर लागले. मुलगा आयटीआय झाला, एका मोठ्या कंपनीत चिकटला आणि त्याला तडा तपासणीचं काम मिळालं. काळ्या पडद्याच्या खोलीत बसायचं. लोखंडी नगात चुंबकत्व भरायचं, त्यावर लोखंडाच्या बारीक भुकटीचं तेल ओतायचं आणि जांभळ्या दिव्याखाली धरायचं. नग चांगला असेल तर काळाच दिसतो. तडा असेल तर केसाएवढी हिरवी रेघ चमकते. तेहतीस वर्षं ओव्हाळ रोज आठ तास त्या अंधारात बसले. त्यांच्या हातून सुटलेला एक नग म्हणजे कुठल्या तरी घाटात कुणाचं तरी निखळलेलं चाक, हे त्यांना पहिल्याच दिवशी त्यांच्या उस्तादाने सांगितलं होतं, आणि ते त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

तेच डोळे घेऊन ते घरी यायचे. दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचायचे. मुलीसाठी, आम्रपालीसाठी, स्थळ बघायला गेले तेव्हा बाहेर काढलेले मुलाचे बूट उलटे करून पाहून आले होते. "एकाच बाजूने झिजलेत," असं त्यांनी घरी येऊन गंभीरपणे सांगितलं. आम्रपालीने त्याच मुलाशी लग्न केलं आणि आज दोघं मजेत होती.

"तुम्ही माणसंसुद्धा दिव्याखाली धरता," कस्तुराबाई म्हणायच्या. "आणि मग हिरवं दिसलं म्हणून झोप येत नाही तुम्हाला."

रविराजच्या बाबतीत मात्र ओव्हाळांनी एकदा दिवा लावायचाच टाळला होता.

दोघं एकाच वर्षी कंपनीत शिकाऊ म्हणून लागले होते. रविराज राजगुरुनगरच्या पलीकडच्या एका गावचा, घरी जमीन, अंगाने सडपातळ, दिसायला असा की कँटीनमधली मावशी त्याच्या ताटात न मागता दुसरी भाजी वाढायची. रविवारी सकाळी पिंपरीच्या थिएटरात इंग्रजी पिक्चर लागायचे, तिकीट स्वस्त असायचं. तिथे दोघांनी मिळून एक काळापांढरा पिक्चर पाहिला. त्याचं नाव त्यांना कधी नीट उच्चारता आलं नाही. ते त्याला 'घोडेवाला' म्हणायचे. अमेरिकेतल्या माळरानाची गोष्ट, पण बंदुकांच्या जुन्या काळातली नाही. त्यात गुराखी ट्रक चालवत होते, विजेचे खांब होते. दोन भाऊ घोडे पाळतात. धाकटा देखणा, कुणाचं ऐकत नाही, कुणाचं काही देणं लागत नाही अशा तोऱ्यात राहतो. शेवटी तो लंगड्या थोरल्या भावाला भर उन्हात रस्त्यावर उतरवतो आणि सगळे घोडे घेऊन निघून जातो. जाताना आरशात बघून केस सारखे करतो. तिथे अख्ख्या थिएटरने शिट्ट्या मारल्या होत्या. त्यात ओव्हाळांचीही शिट्टी होती.

"माणूस असावा तर असा," रविराज बाहेर येऊन म्हणाला होता. पुढच्याच महिन्यात त्याने टाचांचे बूट घेतले, आणि तेव्हापासून कारखान्यात तो येताना आधी त्याचे बूट ऐकू यायचे.

मग एकोणीसशे नव्वद साली टूलरूममधून धातू कापायच्या महागड्या टिपांचे डबे नाहीसे होऊ लागले. झडती झाली आणि दोन डबे विलास नावाच्या फिटरच्या लॉकरमध्ये सापडले. विलास रडला, शपथा घेतल्या, पण त्याला काढून टाकलं. झडतीच्या आदल्या दिवशी ओव्हाळांनी रविराजला विलासच्या लॉकरपाशी उभा पाहिला होता. फक्त उभा. त्यात काय? ते दोस्त होते. ओव्हाळांनी कुणाला सांगितलं नाही आणि रविराजला विचारलंही नाही. वर्षभरात रविराजने नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकलं. विलास गावी गेला. पुढे तो वारल्याचं कळलं, तेव्हा ओव्हाळांनी दोन दिवस नीट जेवण केलं नाही आणि कस्तुराबाईंना कारणही सांगितलं नाही.

आता तोच रविराज त्यांच्या घरी कोचावर पाय पसरून चहा पीत होता. बासष्टी गाठलेली, केस रंगवलेले, जीन्स तशीच घट्ट, बूट तसेच टाचांचे. दोन घोट झाल्यावर कारण बाहेर आलं.

"चिखलीत आपलं वर्कशॉप हाय. टेम्पोचे नकल बनवतो. चाकणच्या एका कंपनीला जातात." पुढचं चाक ज्याच्या आधाराने वळतं, त्या लोखंडी भागाला नकल म्हणतात. ओव्हाळांनी असे लाखभर नग हातात धरले होते. "आता तिथली लोकं अडून बसलीत. म्हणतात, तपासणीच्या रिपोर्टवर जुन्या जाणत्या माणसाची सही पायजे. मी तुझं नाव घेतलं, तर समोरचा खुर्चीतनं उठला, रत्ना!"

"आधीचा माणूस कुठे गेला?"

"गावाला."

"कधी येणार?"

"न्हाई येणार."

"का?"

"आता त्याच्या मनात शिरू व्हय मी?" रविराज कस्तुराबाईंकडे वळून हसला. "वहिनी, ह्यो अजून तसाच हाय."

तो गेल्यावर कस्तुराबाई म्हणाल्या, "जा की. आठवड्याचे तीन दिवस तरी माझ्या डाळीतले खडे कुणी मोजणार नाही."

ओव्हाळांनी होकार दिला. पण तो डाळीसाठी नव्हता आणि प्रोजेक्टरसाठीही नव्हता. ह्या वेळी बघायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

चिखलीत नव्या उंच इमारतींच्या कुशीत पत्र्याच्या शेडांची एक गल्ली होती, त्यातली सगळ्यात टापटीप शेड रविराजची. जमीन पुसलेली, नापास मालाचं पिंप लाल रंगवलेलं, भिंतीवर सुरक्षेच्या पाट्या. तपासणीच्या खोलीचा पडदा कोरा करकरीत. ओव्हाळांना हे काही बरं वाटलं नाही. जिथे काम होतं तिथे पडदा मळतो.

सोमवार, बुधवार, शुक्रवार असे दिवस ठरले. पहिल्या दिवशी त्यांनी दोनशे नग पाहिले आणि अकरा नापास केले. रविराजने स्वतः ते अकरा नग सगळ्यांसमोर लाल पिंपात टाकले. "बघा, ह्याला म्हणतात नजर!" असं म्हणून टाळी वाजवली. कामगारही हसले. फक्त एक बाई हसली नाही.

तिचं नाव स्वरूपा. माल भरून पाठवण्याचं काम तिच्याकडे होतं. तिशी ओलांडलेली, लातूरकडची, बोलणं मोजकं. ओव्हाळ चहाला उठले की ती घड्याळ बघायची. ते परत आले की मोबाइलवर काहीतरी टिपायची. एकदा त्यांनी अचानक पडदा सारला तर ती बाहेरच उभी.

"काही हवंय का?"

"न्हाई सर. लॉट झाला का, बघायले होते."

रविराजने आपल्यावर नजर ठेवायला ही बाई नेमली आहे, अशी ओव्हाळांची खात्री पटत चालली. कशासाठी, ते कळत नव्हतं. तपासणीत काहीच लपवलं जात नव्हतं. पास झालेल्या नगांवर शिक्का मारायचा, तो शिक्का कपाटात कुलपात. किल्ली ओव्हाळांकडे. रिपोर्टवर सही त्यांची. सगळं इतकं सरळ होतं की त्यांना रात्री कूस बदलत पडावं लागे.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक गोष्ट केली, ती कस्तुराबाईंनाही सांगितली नाही. घरून एक बारीक टोकाचा पंच खिशात घालून नेला. पास झालेल्या प्रत्येक नगाच्या मोठ्या भोकात, जिथे बोट जातं पण नजर जात नाही अशा कडेला, मोहरीच्या निम्म्याने एक ठिपका मारायला लागले. पडद्याआड एक हलका ठोका. बाहेर कुणाला ऐकू जायचा नाही.

त्याच सुमारास रविराजने पेन ड्राइव्हवर 'घोडेवाला' आणून दिला. कुठून मिळवला कोण जाणे. "येत्या रविवारी लाव, रत्ना. मी पण येतो."

रविवारी वाचनालय भरलं. नव्या प्रोजेक्टरवर चित्र स्वच्छ दिसत होतं, चाळीस वर्षांपूर्वी थिएटरात दिसलं होतं त्याहूनही स्वच्छ. ओव्हाळ पडद्याजवळ उभे राहून गोष्ट सांगत होते. रविराज पहिल्या रांगेत बसला होता. धाकट्या भावाचं बोलणं त्याला पाठ होतं. तो ओठ हलवत होता.

शेवट आला. लंगडा भाऊ रस्त्यावर उतरला. ट्रक निघाला. आरसा, केस. रविराजने टाळी वाजवली, त्याची एकट्याचीच. लंगडा भाऊ पडद्यावर लहान लहान होत गेला, आणि ओव्हाळांच्या लक्षात आलं की तरुणपणी त्यांना हा भाऊ दिसलाच नव्हता. त्यांनी त्या वेळी फक्त ट्रक पाहिला होता.

दिवे लागल्यावर छबूबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, "त्या लंगड्याचं पुढं काय झालं, ओव्हाळसाहेब?"

"ते दाखवलेलं नाही, आजी."

"असं कसं? एवढं ऊन, पाणी न्हाई, काय न्हाई."

"आजी," रविराज हसत उठला, "पिक्चर त्याचा न्हाईच हाय."

छबूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. ओव्हाळांनी वायरी गुंडाळल्या. त्या दिवशी घरी जेवताना ते एकाएकी म्हणाले, "विलासच्या लॉकरपाशी मी त्याला पाहिला होता." कस्तुराबाईंनी हातातला घास खाली ठेवला. मग ओव्हाळांनी सगळं सांगितलं. चौतीस वर्षांनी. कस्तुराबाई रागावतील असं त्यांना वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता तरी डोळे मिटू नका."

त्या आठवड्यात गुरुवारी, म्हणजे आपला दिवस नसताना, ओव्हाळ दुपारी दोन वाजता चिखलीला गेले. चष्म्याचं घर विसरलं, असं सांगायचं ठरवलं होतं. पण विचारायला कुणी नव्हतं. रविराजची जीप नव्हती. दारात टेम्पो उभा होता आणि त्यात पेट्या भरून ठेवल्या होत्या, माणसं जेवायला गेली होती.

त्यांनी वरच्या पेटीतला एक नग उचलला. शिक्का होता. भोकात बोट घातलं. कड गुळगुळीत. दुसरा घेतला, तोही गुळगुळीत. पाचव्या नगापर्यंत एकही ठिपका लागला नाही. सहाव्या नगावर तर एका जागी ग्राइंडर मारून तडा वरवर घासून काढलेला होता, आणि त्यावर तेल चोपडलं होतं. तड्याच्या जागेवरून त्यांनी ओळखलं, तो त्यांनीच सोमवारी नापास केलेला नग होता. लाल पिंपातला.

पेटीला रिपोर्ट लावलेला होता, खाली त्यांची सही. नीट पाहिली तर ती झेरॉक्स.

"काका."

मागे स्वरूपा उभी होती. ओव्हाळांनी नग खाली ठेवला. आता ही फोन लावणार, असं त्यांना वाटलं.

"वरच्या थरात घासलेले कमीच हायत," ती हळू आवाजात म्हणाली. "मधल्या थरात बघा. मंगळवारी आन् गुरुवारी असाच माल भरायलेत. दुसरा शिक्का बनवून घेतलाय त्यांनी."

"तुम्ही मला हे का सांगताय?"

"तुम्ही आज का आलात, आपला वार नसताना?"

स्वरूपाने मोबाइल उघडून पुढे धरला. ओव्हाळांच्या पहिल्या दिवसापासूनची यादी होती. ते किती वाजता आले, किती नग पास केले, किती पेट्या प्रत्यक्षात गेल्या, टेम्पोचा नंबर, तारीख.

"आधीचे सर भांडून गेले," ती म्हणाली. "मग तुम्ही आलात. मालकाचे दोस्त. मला वाटलं, सही करायला माणूस आणलाय. म्हणून तुमचंच लिहून ठेवायले होते."

"आणि मला वाटलं, तुम्ही त्याच्या हेर आहात."

दोघंही हसली नाहीत. हसण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात बूट वाजले. रविराज आत आला, उघड्या पेटीकडे पाहिलं, ओव्हाळांच्या तेलकट बोटाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जराही हललं नाही.

"रत्ना, बस. चहा सांगतो."

"हा माल उतरव."

"अरे, घासून घेतलाय. वरचा तडा असतो, आत काय न्हाई."

"तडा आतच असतो. वर फक्त त्याचं तोंड दिसतं. तुलाही माहीत आहे."

"शंभरातले दोन-चार. गाडी काय आज मोडणार हाय का? मोडली तर ड्रायव्हर वेडावाकडा चालवत व्हता, रस्त्याला खड्डा व्हता, माल जादा भरला व्हता." रविराजने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चाळीस वर्षांची दोस्ती हाय आपली. पोरीचं काय असंल, घराचं काय असंल, सांग. मी कधी न्हाई म्हटलंय?"

"विलासच्या लॉकरमध्ये डबे तू ठेवलेस?"

रविराजला हे अपेक्षित नव्हतं. क्षणभर त्याचा हात खांद्यावर जड झाला, मग निघाला.

"मढी उकरायला आलास व्हय?"

"हो की नाही?"

"त्याला न्हाईतर मला जावं लागणार व्हतं," रविराज म्हणाला. सहज, जणू बसमध्ये एकच जागा रिकामी होती. मग आवाज बदलला. "आन् एक ध्यानात ठेव. रिपोर्टवर सही तुझी हाय. माल पकडला तर आधी तुला धरतील. घरी जा. सोमवारी ये."

ओव्हाळ बाहेर आले. गल्लीच्या तोंडाशी स्वरूपा स्कूटर घेऊन उभी होती, पर्स खांद्याला, डबा हँडलला.

"चाकणला जायचं ना?" ती म्हणाली. "टेम्पोच्या आधी पोचू."

"तुमची नोकरी जाईल."

"बसा काका. गेलीच हाय."

तळवड्यावरून ते चाकणच्या रस्त्याला लागले. कंटेनरांच्या रांगेत स्कूटर घुसवत, धूर खात तासाभराने ते त्या कंपनीच्या गेटवर पोचले. आत सोडेनात. ओव्हाळांनी आपलं पूर्ण नाव, जुन्या कंपनीचं नाव, खातं असं सगळं कागदावर लिहून पाठवलं, तेव्हा ज्ञानेश नावाचा एक गुणवत्ता अधिकारी बाहेर आला. तिशीतला, निळा कोट, डोळ्यांखाली काळं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही मान हलवली नाही.

"तुमचं आणि रविराजशेठचं काही जुनं भांडण आहे?" त्याने विचारलं.

"आहे," ओव्हाळ म्हणाले.

स्वरूपाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणूनच माझ्या शब्दावर जाऊ नका," ओव्हाळ म्हणाले. "तुमच्या स्टोअरमध्ये चला, गेल्या आठवड्यापासूनचा माल काढा. ज्या नगाच्या भोकात ठिपका लागेल तो मी पाहिलाय. ज्यात लागणार नाही तो मी पाहिलेला नाही, शिक्का असला तरी. मग दोन्ही दिव्याखाली धरा."

ज्ञानेशने त्यांना आत नेलं, पण नगांना हात लावू दिला नाही. स्वतः हातमोजा काढून बोट घातलं. नग दोन बाजूंना ठेवत गेला. ठिपक्याचे डावीकडे, बिनठिपक्याचे उजवीकडे. मग पडद्याच्या खोलीत तेल ओतून दिवा लावला. ओव्हाळ दारातच उभे राहिले.

ज्ञानेश बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता. "डावीकडचा एकही नाही," तो म्हणाला. "उजवीकडचे चाळीसात सात."

त्याने तिथल्या तिथे फोन लावला. चिखलीचा टेम्पो गेटवरच अडवला गेला. जुळणीची लाइन थांबली. आवारातल्या तयार गाड्या रोखून ठेवल्या. पण अठ्ठेचाळीस गाड्या आधीच विकून गेल्या होत्या. त्या परत बोलावून तपासायला पुढे तीन आठवडे लागले. त्यातली एक नाशिककडे टोमॅटो वाहत होती. तिच्या नकलला बोटभर लांब तडा गेला होता. ज्ञानेशने त्याचा फोटो ओव्हाळांना पाठवला, खाली एक अक्षरही न लिहिता. ओव्हाळांनी तो मोठा करून पाहिला आणि पुन्हा कधी उघडला नाही.

त्यांनाही दोनदा चाकणला बोलावणं आलं. झेरॉक्स सही, खरी सही, पंच, स्वरूपाची यादी, सगळं टेबलावर मांडून वकील आणि अधिकारी उलटसुलट विचारत राहिले. 'ठिपका आधीपासून का मारत होता? संशय होता तर काम का धरलं? पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं?' प्रश्न रास्त होते. ओव्हाळांनी एकेकाचं उत्तर दिलं, पण बाहेर येऊन पायरीवर बसले तेव्हा पहिल्यांदाच त्यांना जाणवलं की दिव्याखाली धरलेल्या नगाला काय वाटत असेल. नग चांगला असला तरी.

रविराजचं काम गेलं, पण रविराज गेला नाही. शिक्का आपल्या माणसांनी परस्पर बनवला, आपल्याला काही माहीत नव्हतं, असं त्याने लिहून दिलं आणि शेडमधल्या दोघांना काढून टाकलं. चार महिन्यांनी राजगुरुनगरच्या रस्त्याला भावजयीच्या नावाने नवीन शेड उभी राहिली. स्वरूपाला दोन ठिकाणी नकार मिळाला. मालकाविरुद्ध गेलेली बाई कुणाला नको होती. शेवटी तळवड्यातल्या एका छोट्या कारखान्याने तिला तपासणीवर घेतलं. दिवा कसा धरायचा, खोटी रेघ आणि खरी रेघ यांतला फरक कसा ओळखायचा, हे ओव्हाळांनी तिला पंधरा दिवस जाऊन शिकवलं. प्रोजेक्टर त्यांनी रिक्षात घालून चिखलीला परत पोचवला आणि पोच लिहून घेतली.

मग कासारवाडीत कुजबुज सुरू झाली. ओव्हाळांनी दुसऱ्या कारखानदाराचं काम केलं, रविराजचा धंदा बुडवायला त्यांना कुणीतरी फोडलं होतं. ही बातमी कुठून निघाली ते सांगायला नको. पुढच्या रविवारी वाचनालयात पंचविसाच्या जागी नऊ माणसं आली. छबूबाई होत्या. दोन जुने सहकारी आलेच नाहीत. जिन्यात ओव्हाळ दिसताच बोलणारे गप्प व्हायचे.

"सांगा ना सगळ्यांना," कस्तुराबाई चिडून म्हणाल्या. "सभा घ्या. कागद दाखवा."

"विचारतील तेव्हा सांगेन."

"आणि नाही विचारलं तर?"

रात्री ते जागे राहायचे. मी विलाससाठी केलं, टोमॅटोवाल्या ड्रायव्हरसाठी केलं, की रविराजला एकदा रस्त्यावर उतरवायचं होतं म्हणून केलं? स्वतःवर दिवा धरला की रेघ दिसायची, आणि ती खरी की खोटी हे ठरत नव्हतं.

एका सकाळी हिंदुराव दारात आले. बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. ओव्हाळांच्या पिक्चरना नेमाने येणारे आणि आता दोन रविवार न आलेले. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभे राहिले.

"ओव्हाळ, सरळ विचारतो. लोक म्हणतात ते खरं हाय का?"

ओव्हाळांनी त्यांना बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. लॉकर, शेड, ठिपका, चाकण. आपण विलासच्या वेळी गप्प बसलो तेही सोडलं नाही. हिंदुराव ऐकत होते. संपल्यावर त्यांनी गुडघ्यावर हात टेकले.

"हे झालं तुमचं म्हणणं," ते म्हणाले. "मी चाकणला जाऊन त्या पोराला विचारणार. ज्ञानेशला. आन् त्या बाईला पण. राग येऊ देऊ नका."

"राग कसला?" ओव्हाळ म्हणाले. "जरूर विचारा. थांबा, पत्ता लिहून देतो."

त्यांनी कागद घेतला आणि दोघांचे पत्ते, फोन नंबर, कुठली बस कुठे बदलायची, गेटवर कुणाचं नाव सांगायचं, असं सगळं मोठ्या अक्षरात लिहिलं. हिंदुरावांनी तो कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि कस्तुराबाईंनी आणलेला चहा घेतला. मग ते बस पकडायला निघून गेले.